मास्तरीणबाईंचं उजवं कोपर

कोपर दुखायला लागलं ते किटली उचलताना, असं मास्तरीणबाई सगळ्यांना सांगत. हे धडधडीत खोटं नव्हतं. पहिली कळ किटली उचलतानाच आली होती. सकाळी दुकान उघडलं की मागच्या खोलीत चहा टाकायचा आणि दोन कप ओतायचे, एक आपला, एक नणंदेचा, असा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी किटली जेमतेम अर्धी भरलेली होती, तरी हात वर येईना. कोपराच्या बाहेरच्या अंगाला जे हाड बोटाला लागतं तिथून कळ निघाली ती थेट मनगटापर्यंत गेली. चहा बशीत सांडला. नणंदबाईंनी बशीकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि काही न बोलता बशीतला चहा पिऊन टाकला. नणंदबाई काही न बोलता काही करतात हे या दुकानात क्वचितच घडे.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. कपडे शिवणारे मास्तर. दुकान एका अरुंद रस्त्यावर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी. पुढे कापड बेतायचं लांबलचक टेबल, त्याच्या मागे दोन मशीन, कोपऱ्यात इस्त्रीचा ओटा, आणि दाराजवळ उजेडात एक खुर्ची. कामाची वाटणी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी झाली होती आणि त्यात कुणी कधी ढवळाढवळ केली नव्हती. मास्तर मापं घेत आणि बेतत. मास्तरीणबाई मशीनवर शिवत. दाराजवळच्या खुर्चीत मास्तरांची थोरली बहीण बसे आणि काजं, गुंड्या, हातशिलाई करी. तिचं नवऱ्याशी पटलं नाही, म्हणून ती चार दिवस भावाकडे राहायला आली होती. ते चार दिवस अजून संपायचे होते. मास्तरीणबाई तिला वन्सं म्हणत. गिऱ्हाइकंसुद्धा मग वन्संच म्हणू लागली. एवढ्या लोकांची नणंद असलेली दुसरी बाई त्या रस्त्यावर नव्हती.

आणि मग एका दुपारी मास्तर गेले. टेबलाशी उभे होते, एका पँटीवर खडूची रेघ मारत होते, मध्येच 'जरा बसतो' म्हणाले आणि बसले. परत उठले नाहीत. डॉक्टर आले तोवर सगळं आटोपलं होतं.

मास्तरीणबाई रडल्या नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. वन्सं दोघींच्या वाट्याचं रडल्या. चांगल्या मोठ्यानं, शेजारचा किल्लीवाला दोनदा पाणी घेऊन आला इतक्या मोठ्यानं. एक दिवस त्यांनी नाक पुसलं आणि गुंड्यांचा डबा उघडला. मास्तरीणबाईंच्या बाबतीत लोकांचं दोन्हीकडून बोलून झालं. काही म्हणाले, बाई धीराची. काही म्हणाले, बाई दगडाची. मास्तरीणबाईंना दोन्ही ऐकू आलं आणि दोन्हींचं काहीच वाटलं नाही. काहीच वाटत नव्हतं हीच तर गोष्ट होती. जेवल्या तर चव नव्हती, न जेवल्या तर भूक नव्हती. आपल्यावर कुणीतरी जाड अस्तर चढवून चहूबाजूंनी टीप मारली आहे आणि जग बाहेरून कापडाला हात लावून जातंय, असं त्यांचं चाललं होतं. आपलं काही बिघडलंय असंही त्यांना वाटत नव्हतं.

दुकान उघडायचं झालं तेव्हा प्रश्न आला, बेतणार कोण. तसा प्रश्न नव्हताही. मास्तरांना ताप आला की मास्तरीणबाईच बेतत. त्यांचा हात साफ होता. त्यांची स्वतःची कात्रीही होती, टेबलाच्या खणात, तेलपाणी केलेली. पण त्या दिवशी त्यांनी खण उघडला नाही. भिंतीवरच्या खिळ्याला मास्तरांची कात्री लटकत होती, ती त्यांनी काढून घेतली. का, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. हात तिकडे गेला.

आता इथे थोडं कात्रीविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजायचं नाही. या धंद्यात कुणी कुणाची कात्री वापरत नाही. पाती ज्याच्या त्याच्या हाताला वळण घेतात. दुसऱ्याची कात्री मागणं म्हणजे दुसऱ्याचे बूट मागण्यापैकीच. त्यातून मास्तर डावखुरे होते. बाजारातली कात्री उजव्या हाताची असते. त्यांनी उमेदवारीतच एका लोहाराकडून खास डावी कात्री घडवून घेतली होती, दोन्ही पाती उलट्या अंगानं बसवलेली. ही कात्री उजव्या हातात धरली की दोन गोष्टी होतात. एक, वरचं पातं नेमकं खडूच्या रेघेवर येतं आणि रेघ दिसेनाशी होते. दुसरी, नेहमीसारखी मूठ आवळली तर पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापड न कापता मध्ये दुमडून बसतं. कापायचंच असेल तर अंगठा उलटीकडे रेटावा लागतो, बोटं उलटीकडे ढकलावी लागतात, आणि मूठ अशी आवळावी लागते की कडी हाडात रुतावी.

मास्तरीणबाईंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. ती कात्री डावी आहे हे त्यांना लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी त्या तीच कात्री उजव्या हातानं चालवू लागल्या. मान वाकडी करून पात्याच्या पलीकडून रेघ शोधायच्या आणि कापड जवळजवळ चावून काढायच्या. वन्संना दारातून सगळं दिसे. त्यांनी मनाशी ठरवलं की करू दे, चार दिवसांत भर ओसरेल. चार दिवसांचा त्यांचा अंदाज एकदा चुकलेला होता, तो पुन्हा चुकला.

शाळा उघडायच्या आधीचे आठवडे म्हणजे दुकानाची खरी कसोटी. एका मोठ्या शाळेचे गणवेश वर्षानुवर्षं मास्तरांकडेच असत, आणि दोघी बायकांचं वर्ष त्यावरच चाले. जाड निळ्या कापडाच्या थप्प्याच्या थप्प्या टेबलावर यायच्या आणि एकावर एक थर ठेवून बेतायच्या. मास्तरीणबाई सकाळी कात्री हातात घेत ती जेवायच्या वेळेला खाली ठेवत. कोपर आता किटलीपुरतं राहिलं नव्हतं. दाराची कडी फिरवताना दुखे, फडकं पिळताना दुखे, केस विंचरताना दुखे. कुणी हात हातात घेतला तर दुखे, पण तसं घेणारं कुणी नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या दुखण्याची फारशी तक्रार नव्हती. दुखलं की बरं वाटे असं नव्हे. पण दुखलं की दुखे. दिवसभरात जाणवावी अशी तेवढीच एक गोष्ट होती. काम थांबवून त्या कधी कधी डाव्या अंगठ्यानं ते हाड दाबत, कळ येई, आणि पुन्हा कापायला लागत.

उपाय मात्र त्यांनी केले, कारण न करावेत तर वन्संच्या तोंडाचा पट्टा सुरू होई. आधी मलम झालं, मग गरम पाण्याची पिशवी झाली. मग किल्लीवाल्यानं एका चोळून देणाऱ्याचं नाव सांगितलं. त्या गृहस्थानं कोपर मांडीवर घेऊन अंगठ्यानं असं रगडलं की सूज आली आणि हात दोन दिवस उशीवर ठेवावा लागला. वन्संनी किल्लीवाल्याशी आठवडाभर अबोला धरला. त्यानंतर एका डॉक्टरांनी दुखऱ्या जागी सुई टोचली. म्हणाले, आराम पडेल, पण म्हणून लगेच कामाला जुंपू नका, औषधानं दुखणं झाकतं, झीज भरून येत नाही. मास्तरीणबाईंनी पहिलं वाक्य ऐकलं. दुखणं खरंच गेलं. हात हलका झाला तशी त्यांनी उरलेल्या सगळ्या थप्प्या झपाट्यानं बेतून टाकल्या. गणवेश संपत आले आणि दुखणं परत आलं, ते दुप्पट होऊन. आता त्यांना सुईत दोरा ओवताना सुई चिमटीत धरवेना.

त्याच घाईत घोटाळा झाला. एक अख्खी थप्पी रेघ सोडून गेली. उजव्या बाह्या डाव्यांपेक्षा बोटभर अरुंद निघाल्या. वन्संनी हातशिलाईला घेतल्यावर ते त्यांच्या लक्षात आलं. मग दोघींनी मिळून आतून पट्ट्या जोडल्या आणि कसंबसं निभावलं. शाळेतून निरोप आला, अगदी सभ्य शब्दांत, की मास्तरांच्या आठवणीखातर यंदा चालवून घेतोय, पुढच्या वर्षी असं झालं तर दुसरीकडे बघावं लागेल. मास्तरीणबाईंनी निरोप ऐकून मान हलवली. वन्सं आत जाऊन भांडी आपटत बसल्या. त्या दुकानाखेरीज दोघींना दुसरं काही नव्हतं.

वन्संनीच मग चौकशी करून व्यायामाच्या डॉक्टरीणबाई शोधून काढल्या. मोठ्या रस्त्यावर, औषधाच्या दुकानामागे त्यांची खोली होती. एक उंच खाट, भिंतीला अडकवलेले रबरी पट्टे, एक भलामोठा चेंडू. वयानं लहान होत्या, पण हात लावायची पद्धत चांगली होती, आधी विचारून लावत. त्यांनी मास्तरीणबाईंना हात सरळ करून मूठ मिटायला लावली आणि म्हणाल्या, मी मनगट खाली दाबते, तुम्ही दाबू देऊ नका. मास्तरीणबाईंनी ओठ दाबले. मग नुसतं मधलं बोट वर उचलायला लावलं आणि त्यावर हलकासा दाब दिला. तेवढ्यानंही डोळ्यांपुढे चमकलं.

डॉक्टरीणबाईंनी मग आपलाच हात पुढे करून समजावून सांगितलं. कोपर दुखतंय, पण दोष कोपराचा नाही. आपण काहीही घट्ट धरतो तेव्हा मनगट लुळं पडू नये म्हणून हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू ते ताणून धरतात. ते सगळे स्नायू वर येऊन एका दोरीसारखे या एवढ्याशा हाडाला चिकटलेले असतात. तेच तेच काम, तेही जोर लावून, महिनोन्महिने केलं की त्या दोरीचे धागे विसविशीत होतात. रोज थोडे तुटतात, रोज थोडे सांधतात. तुटणं सांधण्याच्या पुढे गेलं की असं होतं. कापड वापरून विरतं तसंच, असं म्हणून त्या जरा लाजल्या, कारण समोरची बाई शिवणकाम करणारी होती.

त्यांनी हात गळ्यात बांधायला मात्र साफ नकार दिला. बांधून ठेवला तर दोरी आणखी कच्ची होते, तिला काम हवं, पण बेतानं. कोपराच्या दोन बोटं खाली बांधायचा एक पट्टा दिला, काम करताना घालायचा आणि नंतर काढायचा. काही उचलायचं तर तळवा वर करून उचला म्हणाल्या. आणि व्यायाम असा: हात टेबलावर आडवा ठेवायचा, तळवा जमिनीकडे, मनगट कडेबाहेर. हातात थोडं वजन. दुसऱ्या हातानं मनगट वर उचलून द्यायचं आणि मग दुखऱ्या हातानं ते अगदी सावकाश खाली सोडायचं. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या सकाळी ठणकलं तर समजायचं की जास्त झालं. घाई चालणार नाही, आठवडे नव्हे, महिने लागतील.

मग त्यांनी विचारलं, काम नक्की कसलं करता, आणि पुढच्या वेळी कात्री घेऊन यायला सांगितलं. मास्तरीणबाई घेऊन गेल्या. खणातली. आपली, उजवी, तेलपाणी केलेली. डॉक्टरीणबाईंनी ती चालवून पाहिली, छान आहे म्हणाल्या, धार लावून घ्या, थर कमी ठेवा, टेबल जरा उंच करा. सगळं बरोबर होतं. मास्तरीणबाईंनी धार लावली, थर कमी केले, टेबलाच्या पायांखाली विटा घातल्या, रिळांची पिशवी हातात धरून सांगितल्याबरहुकूम व्यायाम केला. आणि ती कात्री पुन्हा खणात टाकून खिळ्यावरची हातात घेतली.

काडीचाही फरक पडला नाही. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या. त्यांनी व्यायाम बदलला, पट्टा बदलला, मानेपासून हाताची तपासणी केली, आणि एकदा सरळ म्हणाल्या की माझंच काहीतरी चुकतंय, तुम्ही हवं तर दुसऱ्या कुणाला दाखवा. मास्तरीणबाईंना त्या मुलीची किंचित लाज वाटली. कितीतरी महिन्यांनी काहीतरी वाटलं, ते हे. पण खिळ्यावरच्या कात्रीचं त्यांनी सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला वन्सं बरोबर निघाल्या. कशाला येता म्हटलं तर म्हणाल्या, पाय मोकळे करते. दुकानापासून नाक्यापर्यंत जायलाही रिक्षा शोधणारी ही बाई, तेव्हा मास्तरीणबाईंनी समजायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी कोपर तपासून सुस्कारा टाकला, तशी वन्संनी पिशवीत हात घालून मास्तरांची कात्री काढली आणि खाटेवर ठेवली.

"ही बघा हिची खरी कात्री," वन्सं म्हणाल्या. "तुम्हाला दाखवली ती नुसती दाखवायची."

डॉक्टरीणबाईंनी ती उजव्या हातात घेतली आणि टेबलावरचा एक कागद कापायला गेल्या. कागद पात्यांत दुमडला. पुन्हा प्रयत्न केला, जोर लावला, कागद चुरगळला. ही बोथट आहे का, त्यांनी विचारलं. वन्सं 'आणा इकडे' म्हणाल्या, कात्री डाव्या हातात घेतली आणि कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापून दिला.

मास्तरीणबाई बघत राहिल्या. या बाईला त्यांनी अर्धं आयुष्य रोज पाहिलं होतं, उजव्या हातानं जेवताना, उजव्या हातानं टाके घालताना. डाव्या हातानं तिला काही करताना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. वन्संनी त्यांची नजर ओळखली आणि फणकाऱ्यानं म्हणाल्या, त्यात बघायचं काय आहे, आम्ही दोघंही डावरीच. वडिलांनी त्याला तसाच राहू दिला, मुलगा म्हणून. माझा हात बांधून ठेवायचे, मुलगी म्हणून. उजवा लागेपर्यंत बांधून ठेवला. डॉक्टरीणबाईंनी कागदाचे दोन्ही तुकडे एकावर एक ठेवले.

मग त्यांनी मास्तरीणबाईंना हळूच विचारलं की ही कात्री उलटी आहे हे माहीत असून तुम्ही का वापरता. रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

मास्तरीणबाईंनी कोपराच्या हाडावर डावा अंगठा ठेवला. "दुखतं तेवढंच मला कळतं," त्या म्हणाल्या. "बाकी काही कळत नाही. ते गेले हेसुद्धा नाही. हेही थांबलं तर मग काय?"

वन्सं खिडकीबाहेर पाहू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी मास्तरीणबाईंचा हात आपल्या हातात घेतला, दुखणार नाही असा.

"तुमच्या हाताला हे काही कळत नाही हो," त्या म्हणाल्या. "तो फक्त तुटत जाणार. ही कात्री राहिली तर पुढच्या वर्षी या हातानं बेतणं सोडा, सुईही धरता यायची नाही. मी काहीही केलं तरी."

मास्तरीणबाईंना वन्संचा राग यायला हवा होता, तोही आला नाही. दुकानात येऊन त्यांनी कात्री खिळ्याला लावली, खण उघडला आणि आपली कात्री काढली. याला निर्णय म्हणावं असं काही नव्हतं. सांगितलं, केलं, एवढंच. आपल्या कात्रीनं कापड निमूट कापलं गेलं. रेघ दिसत होती. मान सरळ राहत होती. इतकं सोपं काम आपण इतके महिने असं का करत होतो, हा विचार त्यांच्या मनात आला आणि गेला.

बरं होणं ही फार कंटाळवाणी गोष्ट असते. त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. रोज रिळांची पिशवी, रोज मनगट वर, रोज सावकाश खाली. दोन आठवडे काहीच नाही. मग एक दिवस फडकं पिळलं आणि नंतर लक्षात आलं की पिळलं. मध्ये एकदा चादरी धुवायचा उत्साह आला आणि पुन्हा चार दिवस मागे गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच होतं, वर चढताना मध्ये एखादी पायरी उतरावी लागते, पिशवीतली रिळं कमी करा. मग रिळं पुन्हा वाढली. जाड कापड मात्र अजून नको म्हणाल्या, कोटाचं कापड तर नाहीच. दिवाळी येईपर्यंत ठणका गेला. दुखरं हाड दाबलं तर दुखे, पण दाबायला लागे. मास्तरीणबाई आता ते क्वचितच दाबत. दुखण्याच्या जागी काही आलं नाही. त्या जेवत, शिवत, झोपत. वन्सं त्यांच्याकडे अधूनमधून बघत आणि गुंडीवर जरुरीपेक्षा जास्त वेढे घालत.

थंडी पडली तसं एका जुन्या गिऱ्हाइकानं कोटाचं कापड आणून टाकलं. म्हातारा मास्तरांकडेच कोट शिवत आलेला. मास्तर नाहीत हे त्याला ठाऊक होतं, पण दुसरीकडे जाववेना म्हणाला. कापड चांगलं गाढ विणीचं, हातात जड. मास्तरीणबाईंनी मापं घेतली, खडूनं रेघा मारल्या आणि कापड तसंच टेबलावर पसरून ठेवलं. बेतायचं कुणी, हा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही. दोन दिवस ते तिथेच होतं. वन्सं येता-जाता त्याच्यावर पुटपुटत, की कोट काही स्वतःहून बेतला जायचा नाही.

तिसऱ्या दुपारी मास्तरीणबाई ओट्याशी उभ्या होत्या. टेबलाकडे पाठ होती. शिवून झालेल्या पँटीच्या शिवणी दाबत होत्या, ओलं फडकं, त्यावर इस्त्री, वाफ, की पुढची शिवण. आणि मागून आवाज आला.

जाड कापडातून लांब, एका दमात जाणारी कात्री. खालचं पातं टेबलाच्या लाकडावरून सरकत होतं. शेवटी पाती पुरती न मिटता क्षणभर थांबत, तळहात कापड पुढे सारत असे, आणि मग पुन्हा तसंच लांब. सगळी वर्षं मशीनवर बसून पाठीमागून त्यांनी हे ऐकलं होतं. इतकं ऐकलं होतं की ते ऐकू यायचं बंद झालं होतं. त्यांच्या स्वतःच्या हातात ती कात्री कधी असं बोलली नव्हती. त्यांनी तिला नुसतं चावायला लावलं होतं. हा आवाज दुकानातून गेला आहे हे एवढ्या महिन्यांत त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

"अहो, चहा टाकू का?" त्या म्हणाल्या. मान वर न करता, शिवण दाबता दाबता. नेहमी विचारत तसं.

आवाज थांबला.

मास्तरीणबाई वळल्या. टेबलाशी वन्सं उभ्या होत्या. डाव्या हातात भावाची कात्री, उजवा तळहात कापडावर सपाट, मान त्याच्यासारखी किंचित कललेली. त्यांचा चेहरा पडला होता.

"मी आहे गं, वहिनी," त्या म्हणाल्या. "मीच आहे."

मास्तरीणबाईंनी इस्त्री उभी करून ठेवली. मग त्या ओट्याला टेकून खाली जमिनीवर बसल्या. आता चहा विचारायला कुणी नाही, हे त्यांना तिथे बसल्यावर कळलं. आज नाही, उद्या नाही, कोट बेतून झाल्यावरही नाही. मास्तर मेले होते. त्यांना फार फार वाईट वाटलं, आणि ते कोपरात नव्हतं, सगळीकडे होतं. त्या रडू लागल्या. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून, शेजारी ऐकू जाईल अशा.

वन्सं कात्री ठेवून त्यांच्याकडे यायला निघाल्या. मास्तरीणबाईंनी रडता रडताच हात वर करून त्यांना थांबवलं.

"येऊ नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही कापा. थांबू नका, वन्सं."

वन्सं परत टेबलाशी गेल्या. डोळे भरून आल्यामुळे त्यांना रेघ नीट दिसत नव्हती, ती त्यांनी एकदा बोटानं चाचपून पाहिली. मग कात्री उचलली आणि पुढे कापायला लागल्या.